भिंतीआडचें काम

कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ. कसबा गणपतीचें देऊळ येथें आहे, लाल महाल येथें आहे; परंतु या वस्तीचा स्वभाव कळावयाचा तर देवळांच्या बरोबरीनें तिच्या आळ्यांकडेहि पाहावें लागतें. तांबट आळी, कुंभार वेस हीं नांवें कोणा सरदाराच्या स्मरणार्थ ठेवलेलीं नाहींत. ज्यांचा जो उद्योग, त्यावरून तीं पडलीं. तांबट आळींत तांब्याच्या भांड्यांवर अजूनहि मठारकाम चालतें. या कारागिराजवळ परवाना आहे काय, असें गिऱ्हाइकानें कधीं विचारलें नाहीं, कारण तशी गरजच पडली नाहीं. घागर घेणारा ती उलटीसुलटी करून पाहतो, मठाराचे ठसे सारखे उठले आहेत कीं नाहींत हें डोळ्यांनीं पारखतो, आणि ती गळते कीं काय हें पाणी भरतांच त्याला कळतें. मडकें घेणारा तें वाजवून घेतो. माल वाईट निघाला तर गिऱ्हाइकाचे चार पैसे जातात आणि कारागिराची अब्रू आळीभर होते. प्रकरण तेवढ्यावर मिटतें.

विजेच्या कामाला ही पारख लागू पडत नाहीं. तें काम भिंतीच्या आंत, पट्टीच्या खालीं, माळ्याच्या तक्तपोशीवर दडलेलें असतें. गृहस्थाला दिसतें तें एवढेंच कीं बटण दाबलें आणि दिवा लागला. आणि सगळी मेख येथेंच आहे. कारण दिवा चांगल्या जोडणीवर लागतो तसाच वाईट जोडणीवरहि लागतो. बटण फेजच्या तारेवर बसविण्याऐवजीं न्यूट्रलवर बसविलें तरी दिवा मुकाट्यानें लागतो आणि विझतो. मात्र दिवा विझला असतांहि होल्डरांत वीज उभीच असते, आणि ‘बटण बंद आहे’ या भरंवशावर स्टुलावर चढून होल्डरला हात घालणाऱ्याला तें एकाएकीं समजतें.

जुन्या वाड्यांत पहिल्यानें वीज आली ती खोलीस एक दिवा, फार तर एक पंखा, एवढ्या हिशेबानें. सागवानी तुळयांवर लांकडी पट्टी, पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनीं बसविलेली तार, चिनी मातीचे फ्यूज आणि बेकेलाइटचीं काळीं बटणें असा तो सरंजाम. मधल्या काळांत कांहीं वर्षें तांब्याच्या टंचाईमुळें ॲल्युमिनियमच्या ताराहि घरोघर वापरल्या गेल्या. बिऱ्हाडें तींच राहिलीं, परंतु त्यांचा संसार वाढला. शीतकपाट आलें, धुण्याचें यंत्र आलें, पाणी तापविणारा गीझर आला, आणि आतां माळवदाखालच्या खोलींतहि वातानुकूल यंत्र बसूं लागलें आहे. तार मात्र बहुधा पूर्वींचीच आहे.

अशा वेळीं घरांतील हौशी पुरुष पक्कड हातांत घेतो. त्यांत नवल कांहीं नाहीं. वायरमनला निरोप धाडावा, त्यानें ‘उद्यां येतों’ म्हणावें आणि तो उद्यां आठवडाभर उगवूं नये, हा अनुभव पेठेंत कोणाला नाहीं? शिवाय विजेच्या सामानाचा बाजार, बुधवार पेठेंतली तपकीर गल्ली, कसब्यांतून पायीं जाण्याच्या अंतरावर आहे. तेथें तार, बटणें, प्लग सारें सुटें मिळतें, आणि तें जोडावें कसें हें दाखविणाऱ्या चित्रफिती तर आतां प्रत्येकाच्या खिशांतल्या फोनवर आहेत. स्वतःच्या घरांतलें काम स्वतः करण्याची ही हौस तुच्छ लेखण्याजोगी नाहीं. ज्या घरांत फ्यूज कोठें आहे हेंच कोणाला ठाऊक नाहीं, त्यापेक्षां हें घर कांहींसें बरेंच.

कायद्यानेंहि ही हौस सर्वस्वीं नाकारलेली नाहीं, ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. १९१० च्या विद्युत कायद्याखालीं १९५६ सालीं जे नियम झाले, त्यांतील ४५ व्या नियमानें असें ठरविलें कीं ग्राहकाच्या जागेंतील विजेच्या जोडणीचें काम, मग तें नवें असो, वाढीव असो वा दुरुस्तीचें असो, सरकारमान्य कंत्राटदारानेंच करावें. तें प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीं व्हावें, आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याजवळहि परवाना असावा. मात्र दिवा, पंखा, फ्यूज, बटण किंवा घरगुती उपकरण बदलणें त्यांतून वगळलें. अट एकच, कीं त्या बदलानें जोडणीची क्षमता किंवा तिचें स्वरूप पालटतां कामा नये. पुढें २००३ चा विद्युत कायदा आला, त्याखालीं केंद्रीय विद्युत प्राधिकरणानें २०१० सालीं आणि पुन्हा २०२३ सालीं सुरक्षिततेचे विनियम केले, तरी परवान्याचें तत्त्व कायम राहिलें. १९५६ च्या नियमांतले क्षमता आणि स्वरूप हे दोन शब्द कोणा नियमकर्त्यानें मोठ्या विचारानें घातलेले दिसतात. वाद पुष्कळदां ‘आपला हात कीं वायरमनचा हात’ असा मांडला जातो. खरा प्रश्न त्या दोन शब्दांत आहे.

एक उदाहरण घ्यावें. दिव्यापंख्याच्या पांच अँपिअरच्या शाखेवर कोणी २००० वॉटचा गीझर लावला. २३० व्होल्टांच्या दाबाला तो सुमारें पावणेनऊ अँपिअर प्रवाह ओढतो. तारेंत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे प्रवाह पावणेदोनपट झाला कीं उष्णता तिपटीच्या घरांत जाते. फ्यूज हें जाणतो आणि वितळतो. तो वारंवार वितळूं लागला कीं गृहस्थ त्याच्यावर चिडतो आणि फ्यूजच्या जागीं जाड तांब्याचा पदर पिळून बसवितो. त्याच्या मतें त्यानें फ्यूज ‘बदलला’, आणि तेवढें करण्यास तर मुभा आहे! वास्तविक त्यानें पहारेकरी काढून त्या जागीं बाहुलें उभें केलें. आतां वितळावयाचें तें फ्यूजमध्यें न वितळतां पट्टीखालीं, लांकडाला चिकटून, सर्वांत ढिला सांधा जेथें असेल तेथें वितळणार.

याहून कपटी प्रकार अर्थिंगचा. अर्थिंग म्हणजे यंत्राच्या पत्र्यांत चुकून वीज उतरलीच तर तिला जमिनींत जाण्यासाठीं दिलेली वाट. रीतसर पद्धत अशी कीं जमिनींत खड्डा घेऊन, कोळसा-मीठ भरून त्यांत धातूची पट्टी पुरावयाची. जुन्या घरांतून मात्र पुष्कळदां नळाच्या लोखंडी पाइपालाच तार गुंडाळून काम भागविलें जाई, आणि पाइप जमिनींत लांबवर गेलेला असल्यानें तें भागतहि असे. पुढें लोखंडी पाइप गंजले आणि प्लास्टिकचे आले. गुंडाळलेली तार जागच्या जागीं राहिली, पण तिची जमिनीशीं असलेली सोयरीक तुटली. नळ बदलणाऱ्या प्लंबरला विजेशीं कर्तव्य नव्हतें, आणि घरमालकाला तर कांहीं घडलें आहे याचा पत्ताहि नव्हता.

अर्थिंग नाहीं म्हणून नव्या यंत्राचा पत्रा झिणझिण्या देऊं लागतो. त्यावर हौशी मंडळींत एक युक्ति फार प्रिय आहे. प्लगच्या खोक्यांतच अर्थचें टोक न्यूट्रलला तारेनें जोडून टाकावयाचें. झिणझिण्या थांबतात, टेस्टर पेटत नाहीं, आणि करणाऱ्याला धन्यता वाटते. आतां मागें कोठें तरी, मीटरजवळ म्हणा किंवा जिन्याखालच्या फळीवर, न्यूट्रलचा सांधा सुटला असें समजावें. यंत्रांतून परत निघालेल्या विजेला जाण्यास वाट उरत नाहीं. ती त्या जोडतारेवरून यंत्राच्या पत्र्यावर येऊन उभी राहते, आणि धुण्याच्या यंत्राचा पांढराशुभ्र पत्रा २३० व्होल्टांचा होतो. माणसाच्या छातींतून तीस मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह क्षणभराहून अधिक वाहिला तर हृदयाचा ठोका बिघडूं शकतो. साठ वॉटचा साधा दिवा याच्या जवळजवळ नऊपट प्रवाह घेतो. तेव्हां पांच अँपिअरच्या फ्यूजला अशा अपघाताची गंधवार्ताहि लागत नाहीं. तो तारेच्या रक्षणासाठीं आहे, माणसाच्या नव्हे. माणसासाठीं गळती ओळखून वीज तोडणारें निराळें यंत्र मिळतें, त्यावर ‘३० मिलिअँपिअर’ असें लिहिलेलें असतें. मात्र एक हात फेजवर आणि दुसरा न्यूट्रलवर पडला तर तेंहि फसतें.

आणि हा पत्रा कोणाच्या हाताला लागतो? ज्यानें युक्ति केली तो गृहस्थ त्या वेळीं कचेरींत असतो. ओल्या हातानें कपडे काढणारी त्याची आई असते, पत्नी असते, किंवा धुण्याभांड्यांना येणाऱ्या बाई असतात. ‘घर आमचें, जीव आमचा’ हा युक्तिवाद येथें लंगडा पडतो. वाड्यांत तर तो मुळींच चालत नाहीं, कारण एका बिऱ्हाडाची तक्तपोशी ही दुसऱ्याची जमीन असते आणि मधली तुळई दोघांची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालांप्रमाणें अलीकडच्या वर्षांत देशांत विजेच्या धक्क्यानें दरसाल दहा हजारांहून अधिक माणसें मरण पावतात. हीं सर्वच घरांतलीं नव्हेत, शेतांतलीं आणि रस्त्यावरचींहि त्यांत आहेत. तरी आंकडा मोठा आहे.

मग परवान्याचा माणूस आला म्हणजे निश्चिंत व्हावें काय? येथें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. पेठेंतला नेहमींचा प्रकार असा कीं परवाना कंत्राटदाराच्या दुकानांत कांचेच्या चौकटींत टांगलेला असतो, आणि शिडीवर चढतो तो सहा महिन्यांपूर्वीं कामाला लागलेला पोरगा. नव्या जोडणीच्या वेळीं वीज कंपनी परवानेदाराचा चाचणी अहवाल मागते. परंतु एकदां मीटर फिरूं लागला कीं आंत कोणी काय वाढविलें हें विचारण्यास सहसा कोणी येत नाहीं. उलट, पंचवीस वर्षें इमानानें काम केलेला, पण परीक्षेला कधीं न बसलेला वायरमनहि याच पेठेंत भेटतो. त्याचें काम पुष्कळ परवानेदारांपेक्षां चोख असूं शकतें. गणेशोत्सवांत मंडळाच्या रोषणाईवर हात बसलेले असे कित्येक तरुण आहेत. औंधच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत तारतंत्री आणि वीजतंत्री असे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. परंतु ज्याला रोजची मजुरी चुकवितां येत नाहीं त्याला दोन वर्षें बांकावर बसणें परवडत नाहीं. त्याला चोर ठरवून परवान्याची थोरवी वाढत नाहीं. त्याला परीक्षेपर्यंत नेणारी वाट सोपी केली तर वाढेल.

ही वाट कारागिरांनीं स्वतःच बांधल्याचें उदाहरण अमेरिकेंत आहे. तेथें १८९१ सालीं सेंट लुईस शहरांत वीजकामगारांनीं आपला संघ स्थापन केला, कारण खांबांवर चढणारीं माणसें शिक्षणाच्या आणि साधनांच्या अभावीं पटापट मरत होतीं. संघाचा पहिला अध्यक्ष हेन्री मिलर हा स्वतः तारा ओढणारा कामगार. तोहि १८९६ मध्यें कामावर असतांनाच अपघातानें गेला. आज तो संघ आणि कंत्राटदार मिळून उमेदवारांना सुमारें पांच वर्षें शिकवितात, त्या काळांत मजुरीहि मिळते. असे संघ आपल्या धंद्याचें कुंपण राखतात आणि मजुरी चढी ठेवतात, हा आक्षेप तेथें नेहमीं घेतला जातो, आणि तो अगदींच खोटा नाहीं. परंतु त्याच देशांत अनेक ठिकाणीं घरमालकाला स्वतः राहत असलेल्या घराचें काम करण्याची परवानगी मिळते. मात्र भिंत बुजविण्यापूर्वीं निरीक्षकाला दाखवावें लागतें. काम कोणीहि करो, झांकण्यापूर्वीं तें पाहिलें गेलें पाहिजे, हा मुद्दा तेथें सुटलेला नाहीं. आपल्याकडे संघटना आहेत त्या वीज कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या. त्यांनीं जानेवारी २०२३ मध्यें खाजगी कंपनीला समांतर परवाना देण्याच्या विरोधांत संप पुकारला आणि सरकारशीं बोलणीं होतांच तो मागें घेतला. त्यांचें बळ मोठें, पण तें मीटरच्या अलीकडचें. मीटरच्या पलीकडे, घराच्या आंत, एकटा वायरमन आणि एकटा गृहस्थ असतो.

तेव्हां पाहण्याचें तें काम गृहस्थालाच करून घ्यावें लागतें, आणि तें अवघड नाहीं. काम ठरवितांना भावाबरोबर परवान्याचा क्रमांक विचारावा. शिडीवर कोण चढणार आणि खालीं देखरेखीला कोण राहणार हें विचारावें. पट्टी झांकण्यापूर्वीं सांधे दाखवावयास सांगावे. काम संपल्यावर दिवा लावून दाखवूं देऊं नये. मेगरनें तारांच्या आवरणाची आणि त्याच्या यंत्रानें अर्थिंगची चाचणी घेऊन ते आंकडे कागदावर सहीनिशीं मागावे. चांगला वायरमन यानें रागावत नाहीं. आपलें न दिसणारें काम पारखणारें गिऱ्हाईक त्याला क्वचितच भेटतें.

जुन्या वाड्यांत शेवटीं अडतें तें पैशापाशीं. जिन्याखालच्या एकाच फळीवर पांच-सहा बिऱ्हाडांचे मीटर, मागें एकच जीर्ण मुख्य तार, आणि भाडें इतकें जुनें कीं त्यांत मालकाच्याच्यानें रंगसुद्धां होत नाहीं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानें जागा दुरुस्त ठेवण्याचें कर्तव्य मालकावर घातलें आहे. मालक म्हणतो, गीझर आणि वातानुकूल यंत्रें भाडेकरूंनीं आणलीं. दोघांचेंहि म्हणणें खरें आहे, आणि तोंपर्यंत प्रत्येक बिऱ्हाड आपापल्या खोलींत आपापलें ठिगळ लावीत राहतें. कांहीं ठिकाणीं मालक आणि बिऱ्हाडकरू मिळून एका परवानेदाराकडून आधीं सगळ्या वाड्याची तपासणी करून घेतात, कोणत्या खोलीचा भार किती हें लिहून काढतात, मुख्य तार आणि अर्थिंगचा खर्च सर्वांत आणि आंतला खर्च ज्याचा त्याच्यावर असा वाटून घेतात. त्या तपासणीचा कागद जिन्याखालीं मीटरच्या फळीशेजारींच लावून ठेवलेला असला, तर पुढच्या वेळीं पक्कड उचलणाऱ्याला निदान तो वाचावयास मिळतो.