पंढरपूर ते लंडन



वारीमुळे ठाऊक असलेल्या पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन
पोटासाठी मुंबईत आले आणि सिनेमाचे फलक रंगवू लागले;
हे झाले स्थलांतर.

पुढे चित्रांवरून झालेले खटले आणि धमक्या यांमुळे
2006 मध्ये त्यांनी देश सोडला;
हा विजनवास, म्हणजे परतणे अवघड झालेले परदेशातील जीवन.

मात्र देश सुटला, तरी चित्रांतून सुटला नाही.

लंडनमध्ये त्यांनी तीन-तीन फलक जोडून आठ चित्रे रंगवली,
ज्यांत भारतातील सण, घरे, नृत्ये आणि वाहने आहेत.

सोव्हिएत संघ सोडलेले कलाकार इल्या काबाकोव यांनीही
तिथल्या सामायिक घरांच्या कोंदट खोल्या परदेशी कलादालनांत उभारल्या.

देश सुटला, कलेतून सुटला नाही.

2011 मध्ये हुसेन लंडनमध्ये निवर्तले
आणि त्यांचे दफनही इंग्लंडमध्येच झाले.