समुद्राला लावलेले कान

(मंडळाच्या मासिक सभेत झालेले भाषण)



दर महिन्याला एकीने काहीतरी वाचून येऊन बोलावे असे आपल्या मंडळात ठरले, तेव्हा कोणी लोणची-मुरंबे घेतले, कोणी बालसंगोपन, कोणी संतचरित्र. मी पाणबुड्या शोधण्याच्या यंत्रांचा विषय सांगितला तेव्हा चिटणीसबाई हसल्याच. पण आपल्या चाळीतल्या निम्म्या घरांतली चूल माझगाव डॉकच्या नाहीतर नौदलाच्या गोदीच्या पगारावर पेटली आहे. माझे मामंजी डॉकमध्ये फिटर होते. जहाजाच्या पोटात कोणते यंत्र कशासाठी बसवतात, हे त्यांना तरी कोण सांगत बसणार? ते मला जाणून घ्यावयाचे होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी पुस्तकांतले आमच्या धाकट्या भाऊजींनी वाचून समजावून दिले. मला जेवढे कळले तेवढेच सांगेन, न कळलेले पदरचे घालणार नाही.

पहिली गोष्ट अशी की, पाण्याखाली डोळ्यांचा उपयोग नाही. विहिरीत पडलेली कळशी दिसत नाही, तिथे समुद्राची काय कथा! आकाशातली विमाने शोधणारे रडारही खाऱ्या पाण्यात निकामी, कारण रेडिओच्या लहरी त्यात शिरताच विरून जातात. आवाज मात्र पाण्यात फार चांगला जातो. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो, समुद्रात सुमारे १,५०० मीटर. १८२६ साली स्वित्झर्लंडमधल्या जिनीव्हा सरोवरावर कोलादों आणि स्टुर्म ह्या दोघांनी पाण्यातला हा वेग मोजला, आणि साधने किती साधी! एका होडीतून पाण्यात सोडलेल्या घंटेवर टोला द्यावयाचा, त्याच क्षणी दारू पेटवून उजेड करावयाचा. कित्येक मैलांवरच्या दुसऱ्या होडीतल्या माणसाने उजेड दिसताच घड्याळ धरावयाचे आणि पाण्यात बुडवलेल्या नळीला कान लावून टोल्याची वाट पाहावयाची. तेव्हा त्यांच्या मनात लढाई नव्हती. ती पुढे आली.

पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी इंग्रजांची जहाजे बुडवावयास सुरुवात केली, तेव्हा अणूचे गर्भकेंद्र शोधणारे रदरफर्डसारखे शास्त्रज्ञसुद्धा ह्या कामाला जुंपले गेले. त्यांच्याबद्दल एक गंमत सांगतात. सर रिचर्ड पॅजेट नावाच्या गृहस्थांचा सुरांचा कान फार तयार होता. पाणबुडीच्या यंत्राचा सूर कोणता, हे ओळखण्यासाठी त्यांनी होडीतून डोके पाण्यात घालावयाचे आणि रदरफर्डनी त्यांचे पाय धरून ठेवावयाचे! म्हणजे पाण्याखालचे पहिले यंत्र माणसाचा कानच होता म्हणावयाचे.

खरे यंत्र केले फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ ह्यांनी. हे प्येर क्युरींचे विद्यार्थी. मादाम क्युरींचे नाव आपल्याला माहीत आहे, त्यांचे हे यजमान. प्येर आणि त्यांचे भाऊ जाक ह्यांनी १८८० साली दाखवले होते की, गारगोटीच्या स्फटिकावर दाब दिला की त्यातून किंचित वीज निघते. उलट, त्याला वीज दिली की तो थरथरतो. आपण गॅस पेटवताना लायटर खटकन दाबतो ना, त्यातली ठिणगी ह्याच तत्त्वाने पडते. आत गारगोटी नसते, भाजून केलेली चिनीमातीसारखी एक कांडी असते, एवढाच फरक. लांजव्हँनी पोलादाच्या दोन चकत्यांमध्ये गारगोटीचे तुकडे बसवले आणि वीज देऊन पाण्यात असा बारीक सूर काढला की, माणसाच्या कानाला तो ऐकूच येऊ नये. हा सूर पाणबुडीवर आपटून परत आला की तीच गारगोटी दाबली जाते आणि वीज देते. तोंडही तेच आणि कानही तोच. १९१८ च्या आरंभी त्यांना पाणबुडीचा प्रतिध्वनी मिळाला. पण यंत्र हाताशी येईतो युद्ध संपले.

इथपर्यंत वाचून मला वाटले, झाले, आता पाणबुडी सापडलीच. पण खरे कठीण काम इथून पुढे आहे. ऐकू येणे निराळे, आणि ऐकू आलेल्यातून हवे ते वेगळे काढणे निराळे. नळावर भांडण, शेजारी रेडिओ, वर कुकरची शिटी, एवढ्या गलक्यात आपले तान्हे मूल कुठे रडते आहे ते आईला बरोबर कळते. यंत्राला ते कसे कळावे?

१९३७ साली क्यूबाच्या ग्वांतानामो उपसागरात अमेरिकन आरमाराला एक चमत्कार दिसला. सकाळी यंत्र उत्तम चाले, दुपारनंतर मात्र प्रतिध्वनी मिळेनासे होत. साहेबांना संशय आला की, जेवण झाल्यावर यंत्रावरची पोरे पेंगतात! कोलंबस इझलिन नावाच्या समुद्रशास्त्रज्ञाने पाण्याची उष्णता खोलीखोलीवर मोजून पाहिली, तेव्हा पोरे निर्दोष सुटली. दुपारच्या उन्हाने वरचा थर तापतो, आणि गरम थराकडून थंड थराकडे जाताना आवाज खाली वाकतो. मग काही अंतरापलीकडे आवाज पोचतच नाही, आणि पाणबुडी तिथे सावलीत उभे राहावे तशी उभी राहते. (दुपारच्या जेवणावर खापर फोडण्याची रीत सगळीकडे सारखीच दिसते.)

दुसरी अडचण आपल्या कोकणातल्या बायकांना आवडेल अशी. उथळ, उबदार समुद्रात एका जातीची लहान कोळंबी असते. ती आपली मोठी नांगी टिचकी वाजवावी तशी मिटते. एकीची टिचकी ती काय, पण लाखो कोळंब्या एकदम वाजवू लागल्या की कढईत जिरे-मोहरी तडतडावी तसा आवाज उठतो. दुसऱ्या महायुद्धात पाण्याखाली कान लावून बसलेल्यांना ह्या कोळंबीने फार छळले.

आवाजाला अशा वाटा फुटतात म्हणून माणसाने दुसरा धागा धरला, तो लोखंडाचा. पृथ्वी हे एक मोठे लोहचुंबक आहे, होकायंत्राची सुई त्यामुळेच उत्तरेकडे वळते. शेकडो टन पोलाद जिथे जाईल तिथे हे चुंबकत्व किंचित वाकडे होते. हे प्रथम उपयोगात आणले मारण्यासाठी. १९३९ च्या हिवाळ्यात इंग्लंडच्या बंदरांच्या तोंडाशी जहाजे कशालाही न धडकता फुटू लागली. जर्मनांनी तळाशी असे सुरुंग टाकले होते की, वरून लोखंडी जहाज गेले की त्यातली चुंबकसुई हले आणि स्फोट होई. नोव्हेंबरात असा एक सुरुंग शूबरीनेस येथे चिखलात पडलेला सापडला. २३ तारखेला ओहोटीच्या वेळी जॉन ऊव्री नावाचे अधिकारी एका सहकाऱ्याला घेऊन त्याच्याजवळ गेले. हत्यारे पितळेची, कारण लोखंडी पाना जवळ नेला तर सुरुंग त्यालाच जहाज समजावयाचा! आधीच ठरले होते, प्रत्येक पाऊल उचलण्यापूर्वी काय करतो ते दूर उभ्या असलेल्यांना कळवावयाचे, म्हणजे स्फोट झालाच तर पुढच्या माणसाला कोठे चुकले ते ठाऊक असावे. हे वाक्य भाऊजींनी वाचले तेव्हा मी पोळी लाटता लाटता थांबले. सुरुंग उकलला, त्यातले रहस्य कळले, आणि जहाजांभोवती तारांचे वेढे घालून त्यांत वीज सोडून त्यांचे चुंबकत्व झाकण्याची युक्ती निघाली.

मारण्याऐवजी शोधण्यासाठी चुंबकत्व वापरले व्हिक्टर व्हाकिए ह्यांनी. हे रशियात १९०७ साली जन्मले. क्रांतीनंतर लहानपणीच घरच्यांबरोबर बर्फाने गोठलेल्या समुद्रावरून घसरगाडीतून देश सोडला आणि पुढे अमेरिकेत आले. एका तेलकंपनीच्या प्रयोगशाळेत जमिनीखालचे खडक चुंबकत्वावरून ओळखण्याचे यंत्र ते करीत होते. १९४०-४१ च्या सुमारास तेच यंत्र पाणबुड्यांसाठी घेतले गेले.

त्याची करामत मला तराजूसारखी वाटली. लोखंड-निकेलच्या दोन सारख्या कांड्या शेजारी शेजारी ठेवतात. त्यांवर तारा उलटसुलट गुंडाळून वीज सारखी मागेपुढे खेळवतात. त्यामुळे एक कांडी इकडे लोहचुंबक होते तेव्हा दुसरी तिकडे, आणि दोघींची वजाबाकी होऊन बाकी शून्य. पण बाहेरचे थोडे जरी चुंबकत्व आले, तरी एक कांडी आधी भरते, दुसरी मागून, आणि वजाबाकी पुरी होत नाही. जी बाकी उरते तेच बाहेरचे माप. हे किती नाजूक काम आहे पाहा. पृथ्वीचे चुंबकत्व ५०,००० मापे धरले, तर पाण्यातल्या पाणबुडीमुळे त्यात एक-दोन मापांचा फरक पडावयाचा. आणि यंत्र नेणारे विमानसुद्धा धातूचे, विजेच्या तारांचे! म्हणून ते शेपटाच्याही मागे दांडी काढून तिच्या टोकाला बसवतात. शिवाय ते काही शे मीटरपर्यंतच ओळखते, म्हणून विमान पाण्यालगत खाली उडवावे लागते.

पण काम झाले. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून जर्मन पाणबुड्या अत्यंत हळू, प्रवाहाबरोबर वाहत भूमध्य समुद्रात शिरत, म्हणजे कान लावणाऱ्याला काही ऐकू येऊ नये. यंत्र गप्प करता येते, पण लोखंड कसे गप्प करणार? २४ फेब्रुवारी १९४४ रोजी अमेरिकन विमानांना चुंबकत्वावरून यू-७६१ ही पाणबुडी सापडली, आणि विमानांनी व इंग्रज विनाशिकांनी मिळून ती बुडवली. तिच्यातले बहुतेक खलाशी जिवंत बाहेर पडले. शत्रूचे होते, तरी हे ऐकून मला बरे वाटले. युद्ध संपल्यावर व्हाकिएंनी असलीच यंत्रे जहाजामागे ओढून समुद्रतळाचे चुंबकत्व मोजले. भूखंड सरकतात ह्याचा एक मोठा पुरावा त्या मोजणीतून पुढे आला. ते १०१ वर्षे जगून २००९ साली वारले.

आता आपल्या घराकडे वळते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या जवळ आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका ‘हंगोर’ ह्या पाकिस्तानी पाणबुडीने टॉर्पेडो सोडून बुडवली. ‘खुकरी’ आणि ‘कृपाण’ पाणबुडी शोधावयासच गेल्या होत्या. पण आपल्या जहाजांवरचे ऐकण्याचे यंत्र जुने, आणि पाणबुडीचे नवे व दूरचे ऐकणारे. जी शोधावयाची तिनेच आधी ऐकले. खुकरीवर ते यंत्र सुधारण्याचा एक प्रयोग चालू होता, त्यासाठी जहाज मंद वेगाने जात होते, असे नंतर लिहिले गेले. तो प्रयोग करणारा तरुण लेफ्टनंटही जहाजाबरोबर गेला. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला ह्यांनी जहाज सोडले नाही. त्या रात्री किती घरांत कोणी जागे राहून वाट पाहिली असेल, ते मी आपल्याला काय सांगावे! आपल्यातल्या कित्येकींची माणसे बोटीवर असतात.

त्या युद्धानंतर जुनी यंत्रे सुधारण्याचे काम नौदलातल्या एका तरुण अधिकाऱ्याकडे आले. त्यांचे नाव आरोग्यस्वामी पॉलराज. मूळचे तामिळनाडूचे, पण शिकले आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीत. जुने दुरुस्त करून झाल्यावर कोचीच्या नौदल प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखाली नवे सोनार आखले गेले, ‘अपसो’ नावाचे, चहूकडे एकदम कान देणारे. १९८३ साली ते ‘हिमगिरी’ ह्या युद्धनौकेवर बसले. ‘हिमगिरी’ कोठे बांधली? इथे, माझगाव डॉकमध्ये! १९७४ साली ती नौदलात गेली आणि २००५ पर्यंत चालली. मामंजींना हे सांगितले, तर ते एवढेच म्हणाले, “आम्ही सांगाडा नीट केला होता, म्हणून तुमचे यंत्र बसले.” पॉलराज पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले. एकाच वेळी अनेक अँटेना वापरून एकमेकांत मिसळलेले संदेश वेगळे करण्याची त्यांची कल्पना आज आपल्या हातातल्या मोबाइलमध्ये आहे. गलक्यातून हवे ते निवडण्याचीच ही विद्या, आधी पाण्यात, मग हवेत.

राहता राहिली लोहचुंबकाची विमाने. ‘पी-८ आय’ नावाची अशी विमाने आपल्या नौदलात २०१३ पासून आहेत, आणि २०२२ पासून त्यांची एक तुकडी गोव्याच्या हंसा तळावर आहे. अमेरिकेने स्वतःसाठी घेतलेल्या ह्याच जातीच्या विमानांत चुंबकत्वाचे यंत्र ठेवले नाही, आपण मात्र ते मागून घेतले. दाबोळीचा विमानतळ ह्या तळाला लागूनच आहे. तिकडे जाणे झाले तर करड्या रंगाचे, शेपटातून मागे सरळ दांडी निघालेले विमान दिसते का, ते खिडकीतून पाहा. व्हाकिएंच्या त्या दोन कांड्यांचा वंशज त्या दांडीच्या टोकाशी बसलेला असतो.