मोझेस आजींची चित्रे

अमेरिकेतही शेतकऱ्यांच्या जत्रा भरतात. गुरे येतात, भाजीपाला येतो, बायका घरचे मुरांबे मांडतात आणि उत्तम मालाला बक्षीस मिळते. अशाच एका जत्रेत एका वृद्ध शेतकरणीने मुरांब्यांच्या बरण्या मांडल्या आणि शेजारी स्वतः काढलेली काही चित्रेही ठेवली. मुरांब्याला बक्षीस मिळाले. चित्रांना काहीच नाही!

या बाईंचे नाव अॅना मेरी रॉबर्टसन मोझेस. पुढे सारे जग त्यांना ‘ग्रॅण्डमा मोझेस’, म्हणजे मोझेस आजी, म्हणून ओळखू लागले.

१८६० साली न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रिनिच गावी शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. भावंडे दहा. वडील शेती करीत, पण रंगांचे वेड त्यांनाही होते. घराच्या भिंतींवर त्यांनी निसर्गाची चित्रे काढली होती. मुलांसाठी ते कोऱ्या कागदाचे ताव आणीत. एक ताव एका सेंटला. खाऊपेक्षा तो जास्त दिवस पुरतो, हा त्यातला हिशेब! रंग कुठले? द्राक्षांचा नाही तर बोरांसारख्या फळांचा रस काढायचा आणि चित्र रंगवायचे. आईला मात्र वाटे, हा वेळ पोरीने दुसऱ्या कामात घालवला तर बरे.

आणि कामे आलीच. बाराव्या वर्षी ही मुलगी दुसऱ्यांच्या घरी राबायला गेली. १८८७ साली लग्न झाले. नवरा थॉमस मोझेस, तोही शेतावर राबणारा. दहा मुले झाली, त्यांतली पाच तान्हेपणीच गेली. धारा, लोणी, स्वयंपाक, शिवणटिपण यांत वर्षे सरली. मध्ये १९१८ साली घराच्या भिंतींना कागद लावताना तो अपुरा पडला. तेव्हा बाईंनी शेकोटीच्या तोंडावर लावायच्या फळीवर एक देखावाच रंगवून टाकला. वडिलांचा हात तो! पण ते तेवढ्यावरच राहिले.

१९२७ साली पती वारले. आजी लोकरीने कापडावर चित्रे भरू लागल्या. पुढे सांधे धरले, सुई धरवेना. बहीण म्हणाली, “मग रंगव की! ते सोपं जाईल.” पंचाहत्तरी उलटलेल्या आजींनी कुंचला हाती घेतला. शिक्षक नाही, शाळा नाही. तैलरंग आणि लाकडी भुशाच्या दाबीव फळ्या, एवढेच साहित्य. आधी आभाळ, मग डोंगर, मग झाडे-घरे आणि शेवटी माणसे, असे त्या वरून खाली रंगवीत येत.

रंगवले काय? लहानपण. त्यांच्या प्रसिद्ध चित्रांत मेपल झाडाच्या रसाची साखर करण्याचा देखावा आहे. बर्फातच चुली पेटल्या आहेत, रस कढतो आहे, सारा गाव लोटला आहे. आपल्या गुऱ्हाळावर काहिलीभोवती पोरे घोटाळतात ना, अगदी तसेच!

१९३८ साली हूसिक फॉल्स गावात औषधांच्या दुकानाच्या खिडकीत ही चित्रे मांडली होती. किंमत तीन ते पाच डॉलर. न्यूयॉर्कचे लुई काल्डोर हे चित्रसंग्राहक तिथून जात होते. त्यांनी ती सगळी विकत घेतली. १९४० साली न्यूयॉर्कमध्ये आजींचे स्वतंत्र प्रदर्शन भरले, तेव्हा त्या ऐंशी वर्षांच्या होत्या. १३ डिसेंबर १९६१ रोजी, वयाच्या १०१व्या वर्षी, त्या निवर्तल्या. तोवर दीड हजारांवर चित्रे झाली होती.

आता गुरुजींना एक विचारतो. चित्रे तर जत्रेतही हीच होती. मग ती तिथे कुणाला का दिसली नाहीत? रोजचीच शेते, रोजचीच घरे, त्यात काय पाहायचे, असे वाटले असेल. आपल्या वर्गातला एखादा मुलगा पाटीवर बैलांची मळणी काढतो, आणि आपण म्हणतो, “पूस ते, गणित मांड.” गणित हवेच हो! पण पुसण्यापूर्वी ती पाटी एकदा नीट पाहावी. आणि आईबापांनो, बाजाराला जाल तेव्हा खाऊबरोबर कोऱ्या कागदाचा एक ताव आणा. घरात म्हातारी आई असेल, तर तिच्यापुढेही एक ठेवा. तिच्या लहानपणचे गाव आता फक्त तिलाच ठाऊक आहे.