पाण्याकाठच्या दोन पाट्या

(मंचाच्या उन्हाळी संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सोपा विषय दिला आहे : फ्रान्समधल्या ल्यों शहराजवळची तळी आणि उद्याने. मी तिथे बरीच वर्षे राहते आणि भूजलाचा अभ्यास करते. त्यामुळे तळे दिसले की पोहण्याआधी मला प्रश्न पडतो, हे पाणी आले कुठून, आणि पुढे जाते कुठे? आजचे बोलणे त्याच वळणाने जाणार आहे.

ल्योंमध्ये ऱ्होन आणि सोन या दोन नद्यांचा संगम होतो. शहरातले सर्वांत लाडके उद्यान म्हणजे 'तेत द'ओर', म्हणजे सोन्याचे डोके. त्या जागी ख्रिस्ताचे सोन्याचे मस्तक पुरलेले आहे अशी दंतकथा होती, त्यावरून हे नाव पडले. ते अर्थातच कधी सापडले नाही! उद्यान खुले झाले १८५७ साली. आदल्याच वर्षी, १८५६ च्या मे महिन्याच्या शेवटी, ऱ्होनला प्रचंड पूर आला होता. डाव्या तीरावर गरिबांची मातीची घरे होती, ती पाण्यात विरघळल्यासारखी कोसळली. तेव्हाचे प्रशासक क्लोद-मारियुस व्हाईस यांच्या काळात नदीकाठी बांध घातले गेले आणि नदीच्या जुन्या पात्राच्या जागी हे उद्यान व तळे आकाराला आले. आखणी ब्यूलेर बंधूंची. क्षेत्रफळ ११७ हेक्टर. आत वनस्पती उद्यान आहे, प्राणिसंग्रहालय आहे, आणि या कशालाही तिकीट नाही. रविवारी तिथे बँकेचा अधिकारी आणि सफाई कामगार एकाच हिरवळीवर डबा उघडून बसलेले दिसतात.

पण खरी मोठी जागा शहराच्या ईशान्येला आहे : मिरिबेल-जोनाज. सुमारे २२०० हेक्टर, म्हणजे तेत द'ओरच्या जवळजवळ १९ पट. दोन कालव्यांच्या मधले हे बेट. मिरिबेलचा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जलवाहतुकीसाठी खोदला. जोनाजचा कालवा त्याच शतकाच्या अखेरीस क्युसे येथील जलविद्युत केंद्रासाठी. त्या केंद्राबरोबरच 'ग्रां लार्ज' हा विस्तीर्ण जलाशय तयार झाला. आज तिथे शिडाच्या होड्या चालतात.

बेटावरची बाकीची बरीचशी तळी मात्र खाणींतून आली. शहराच्या बांधकामांना वाळू आणि गोटे लागत होते. ते इथून काढले, खड्डे भूजलाने भरले आणि तळी झाली. १९६८ मध्ये आसपासच्या स्थानिक संस्थांनी एकत्र येऊन एक सार्वजनिक मंडळ स्थापले आणि ही जमीन सर्वांसाठी राखायचे ठरवले. सर्वांत मोठ्या तळ्याचे नाव 'निळ्या पाण्याचे तळे'. उन्हाळ्यात तिथल्या किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात, मुले पोहतात, सायकलस्वार जिनिव्हाच्या सरोवरापासून भूमध्य समुद्रापर्यंत जाणाऱ्या सायकलमार्गावरून येतात. कोणीही यावे, अशीच तिथली पाटी.

आता दुसरी पाटी. याच बेटाच्या शहराकडच्या टोकाला क्रेपियू-शार्मी नावाचा भाग आहे. जवळजवळ ३७५ हेक्टर जंगल आणि नदीचे फाटे, भोवती कुंपण, आणि पाटी : प्रवेश बंद. आत शंभरावर विहिरी आहेत. ल्यों महानगराच्या पिण्याच्या पाण्यापैकी सुमारे ९० टक्के पाणी इथून येते. नदीचे पाणी वाळूगोट्यांच्या थरांतून हळूहळू झिरपते, गाळले जाते, थरांतले सूक्ष्मजीव त्यातली घाण खातात. म्हणून पुढे फारशी प्रक्रिया करावी लागत नाही, थोडे क्लोरीन पुरते. हे गाळणे इतके नाजूक असते की वर सांडलेले डिझेल खाली पोचले तर विहीर बंद करावी लागेल. म्हणून माणसाला मज्जाव. माणूस नसल्यामुळे तिथे बीव्हर सुखाने नांदतात, हा वरचा फायदा.

थोडक्यात, ज्याला आपण सहलीची जागा म्हणतो ती शहराची पाण्याची कोठी आहे. शिवाय ऱ्होनला पूर आला की पाणी आधी या मोकळ्या मैदानात पसरते आणि शहरावरचा भार कमी होतो. तिथे इमारती उभ्या राहिल्या असत्या तर सहलीबरोबर हे संरक्षणही गेले असते.

'पाणी शुद्ध राहावे म्हणून प्रवेश बंद' हे वाक्य मराठी माणसाने मात्र जरा थांबून वाचायला हवे. आपल्याकडे हेच कारण देऊन काय केले गेले, ते आपल्याला माहीत आहे. महाडचे चवदार तळे सार्वजनिक होते. १९२३ चा बोले ठराव होता, नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी ते पाणी प्यायले, तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले. नंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले! न्यायालयात निकाल लागायला १९३७ उजाडले.

माझ्या प्रयोगशाळेच्या भाषेत बोलायचे तर, त्या घागरींनी पाण्यातले जंतू वाढलेच असणार. ही दोन शुद्धतांची गोष्ट आहे. एक मोजता येते. तिचा नियम महापौरालाही लागू आणि निर्वासितालाही, आणि कारण विचारले तर आकडे दाखवता येतात. दुसरी जन्म पाहते आणि कारण विचारले की चिडते. एखाद्या पाण्यावर बंदी दिसली की ती यांपैकी कुठली, हे विचारणे हेच मला पुरोगामीपण वाटते.

खरा विटाळ डोळ्यांना दिसत नाही, हेही ल्योंने अनुभवले. २०२२ मध्ये पत्रकारांच्या शोधामुळे शहराच्या दक्षिणेकडील रासायनिक पट्ट्यातले 'पीफास', म्हणजे निसर्गात जवळजवळ न विरघटणारी रसायने, चर्चेत आली. क्रेपियू-शार्मी त्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला आहे, हे शहराचे भाग्य. १ जानेवारी २०२३ पासून महानगराचा पाणीपुरवठा खाजगी कंपनीकडून सार्वजनिक संस्थेकडे आला. मालकी बदलल्याने पाणी आपोआप स्वच्छ होत नाही. पण जाब कुणाला विचारायचा, हे नागरिकाला कळते.

आणखी एक पाटी असते, ती लिहिलेली नसते. मिरिबेल-जोनाजला लागून व्हो-आं-व्हलां हे उपनगर आहे. कामगारांची, उत्तर आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांची वस्ती. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये तिथे पोलिसांच्या गाडीशी झालेल्या टकरीत मोटरसायकलवरचा एक तरुण गेला आणि दंगल उसळली. फ्रान्समध्ये ते नाव अजून त्यासाठी आठवले जाते. ज्यांना ऑगस्टमध्ये समुद्रावर जाणे परवडत नाही, त्यांचा समुद्र म्हणजे हे तळे. आणि आपल्यातलेच काही उच्चशिक्षित देशबांधव मला सांगतात, "तिथे नको हो, तसली गर्दी असते." 'तसली' म्हणजे कसली? ज्या देशात आपणही बाहेरचे आहोत, तिथे हा शब्द आपण कुठून आणला?

उष्णतेच्या लाटा वाढत आहेत. त्या दिवसांत छोट्या, तापलेल्या घरांत राहणाऱ्यांना सावली आणि पाणी ही गरज असते. गर्दी वाढेल, पाणी मात्र तेवढेच राहील. तेव्हा सोपा उपाय सुचवला जाईल : तिकीट लावा. त्याने गर्दी कमी होईल, पण नेमकी कोणाची, ते सांगायला नको. त्यापेक्षा बसगाड्या वाढवणे, मोटारी तळ्यापासून लांब ठेवणे, जीवरक्षक आणि पोहायला शिकवणारे वाढवणे, हे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

तुम्ही ल्योंला आलात तर जरूर कळवा. मेट्रोच्या 'ए' मार्गाने शेवटच्या स्थानकापर्यंत जाऊ, तिथून सायकली काढू. पण त्याआधी एक काम आपापल्या गावी करा. तुमच्या नळाचे पाणी कुठून येते, ती जमीन कोणाच्या मालकीची आहे आणि तिच्याबद्दलची जाहीर सुनावणी कधी असते, हे शोधा. त्या सुनावणीला जा. आपल्याला मत मांडता येते, आकडे वाचता येतात. आपण गप्प बसण्याचे कारण नाही.