खेळाडूचा मुखत्यार



१९४५ च्या मार्च महिन्यात मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर रणजी करंडकाचा अंतिम सामना चालू होता. युद्धानिमित्त हिंदुस्थानात आलेला इंग्रज फलंदाज डेनिस काँप्टन होळकर संघातर्फे खेळत होता. संघापुढे विजयासाठी ८६७ धावांचा डोंगर होता. शंभरापुढील प्रत्येक धावेमागे रोख रक्कम देण्याचे वचन एका धनिकाने आपणांस दिले होते, असे काँप्टन पुढे सांगत असे. त्याने नाबाद २४९ धावा काढल्या, संघ हरला. आणि बक्षिसासाठी पाहावे, तो धनिक महाशय तातडीच्या कामासाठी कलकत्त्यास रवाना झालेले!

ही हकीकत ऐकून हसू येते. पण पुढची ऐकून तसे येत नाही. १९४७ च्या एकाच हंगामात काँप्टनने ३,८१६ धावा व १८ शतके केली. त्याची कीर्ती घरोघर पोहोचली आणि पत्रांचा पाऊस पडू लागला. १९४८-४९ च्या दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यात रेज हेटर या वार्ताहराला त्याच्याजवळ न फोडलेल्या पत्रांनी भरलेली एक पेटी आढळली. त्यांतील एका पत्रात एका वृत्तपत्राने लेखनासाठी सालीना २,००० पौंड देऊ केले होते. त्याच वृत्तपत्राचे दुसरे पत्रही त्याच पेटीत होते : उत्तर न आल्यामुळे ते बोलणे मागे घेण्यात येत होते.

हेटरने काँप्टनची गाठ बॅजिनल हार्वे या गृहस्थाशी घालून दिली. हार्वेने त्याचा व्यवहार हाती घेतला आणि केसांच्या ब्रिलक्रीमच्या जाहिरातीत काँप्टनचा चेहरा इंग्लंडभर झळकू लागला. करारातील कलमे तपासणे, मोबदला ठरविणे, येणे वसूल करणे आणि प्रसंगी स्पष्ट नकार देणे, हे या मुखत्याराचे काम होय. त्याची निकड उघड आहे. खेळाडूचे कमाईचे दिवस थोडे असतात. खुद्द काँप्टनच्या गुडघ्याची वाटी १९५५ साली शस्त्रक्रियेने काढावी लागली.

तथापि, रक्षकच भक्षक झाला तर? १९२५ साली अमेरिकेत चार्ल्स पाइल नावाच्या नाटकगृहाच्या मालकाने रेड ग्रेंज या फुटबॉलपटूचा व्यवहार हाती घेतला. दोघांच्या वाट्यास येणाऱ्या उत्पन्नातील शेकडा ४० पाइलचे, असा करार होता. ग्रेंजला पैसा पुष्कळ मिळाला, हे खरे. परंतु सामन्यांमागून सामने इतके दाट लावले गेले की, हाताला इजा होऊन त्याला मधेच थांबावे लागले. सामने अधिक तितका मुखत्याराचा वाटा अधिक. हात मात्र खेळाडूचा!

म्हणूनच पुढे या धंद्याला वेसण घालावी लागली. अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमधील खेळाडूंची संघटना आज मुखत्यारांची नोंदणी करते आणि खेळाच्या वेतनातून त्यांना शेकडा ३ हून अधिक घेऊ देत नाही. जागतिक फुटबॉलच्या ‘फिफा’ या संस्थेने २०२३ पासून त्यांच्यासाठी परीक्षाच ठेवली आहे.

ज्या घरातील मुलगा वा मुलगी आज मैदान गाजवीत आहे, त्या घराने एवढे ध्यानी धरावे : मुखत्यार अवश्य नेमावा, पण त्याचा वाटा आणि मुदत लेखी असावी, हिशेब दरसाल मागावा. आपली पत्रे दुसऱ्याने फोडली, तरी आपली सही मात्र वाचल्यावाचून करू नये.