भोगीपासून उलटी मोजणी
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सप्टेंबर महिन्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेली बारा वर्षं मी गच्चीवर भाजी लावतो. म्हणून सचिवसाहेबांनी मला विषय दिला, 'हिवाळी भाजी कधी लावायची आणि सेंद्रिय खत-बियाणं कुठून आणायचं'. मी बँकेतला माणूस, तेव्हा तारखा आणि हिशेब जास्त आले तर चालवून घ्या.

आपल्याकडे कुणालाही विचारा, "भाजी कधी लावणार?" उत्तर ठरलेलं, "दिवाळी होऊ द्या की!" आता दिवाळी चालते तिथीवर आणि थंडी चालते सूर्यावर. २०२३ ला अधिक श्रावण आला, तेव्हा लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला झालं. २०२५ ला तेच २१ ऑक्टोबरला. म्हणजे तीन आठवड्यांचा फरक. आणि सोलापुरात भाजीला थंडी मिळते किती? ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारीचा मध्य, जेमतेम साडेतीन महिने. मार्चमध्ये पारा ३७-३८ वर जातो. मग फ्लॉवरचा गड्डा विस्कटतो, पालक-कोथिंबीर फुलावर येते, वाटाण्याचा फुलोरा गळतो. साडेतीन महिन्यांतले तीन आठवडे असेच गेले, तर हाताशी काय राहिलं?

नोकरीत असताना मी काही वर्षं मंगळवेढ्याला होतो. रब्बी कर्जासाठी येणारे शेतकरी तारीख सांगत नसत, नक्षत्र सांगत. यात ज्योतिष काही नाही, हे सूर्याचं कॅलेंडर आहे. ही नक्षत्रं दरवर्षी एखाद्या दिवसाच्या फरकाने त्याच तारखांना लागतात. उत्तरा १३ सप्टेंबरला, हस्त २७ सप्टेंबरला, चित्रा १० ऑक्टोबरला, स्वाती २४ ऑक्टोबरला, अशी साधारण. आपली भोगीसुद्धा सूर्यावरच चालते, १३-१४ जानेवारी. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस. म्हणून मी भोगीची भाजी डोळ्यांसमोर ठेवतो आणि मुदत ठेवीसारखी उलटी मोजणी करतो.

वांगं : रोपाला तीस दिवस, पुढे साठ-पासष्ट दिवस. म्हणजे बी हस्त लागता लागता टाकायचं.
कोबी, फ्लॉवर : रोपाला पंचवीस दिवस, पुढे सत्तर-ऐंशी. हेही हस्तातच. वरून हिरवी जाळी किंवा जुनी साडी बांधा, ऑक्टोबरचं ऊन कोवळ्या रोपाला सोसत नाही.
गाजर : नव्वद दिवस. चित्रात, जागेवरच पेरायचं. गाजराचं रोप उपटून लावलं की मूळ वेडंवाकडं होतं.
लसूण : चित्रात पाकळ्या लावा. पात भोगीला मिळेल, गड्डा मात्र फेब्रुवारीअखेर.
वाटाणा : सत्तर दिवस. स्वातीत.
मेथी, कोथिंबीर, पालक, शेपू : एकदम पेरू नका. दर पंधरा दिवसांनी एक कुंडी पेरा, रिकरिंगच्या हप्त्यासारखी. मेथी महिन्यात हाताशी येते, कोथिंबिरीला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात.

आता माती. आपली काळी माती एकटी कुंडीत घालू नका. ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते. एक भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळ खत, एक भाग कुजलेला पालापाचोळा, वर मूठभर निंबोळी पेंड. खत घेताना हातात घेऊन बघा. काळं, भुसभुशीत आणि पावसाच्या मातीसारखा वास असेल तर पक्कं. आंबूस वास आला तर कच्चं, ते मुळं जाळतं.

बियाण्याच्या पाकिटावर चाचणीची तारीख आणि मुदत छापलेली असते, ती आधी वाचा. बी गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्याला औषध चोळलेलं आहे. ते घेऊ नका, नातवंडांच्या हातात तर देऊच नका. शक्यतो देशी वाण घ्या, म्हणजे पुढच्या वर्षीचं बी घरचंच राहील. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी घरात गावठी बियाण्यांची बँक उभी केली, त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. बँक म्हणजे फक्त पैशाची नसते, हे मला त्यांच्यामुळे पटलं.

मावा-तुडतुडे आले तर पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळी फवारा. शंका असेल तर बार्शी रस्त्यावरच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. माती तपासणं, प्रशिक्षण देणं हे त्यांचं कामच आहे. आणि आपल्या गावाला हा वारसा जुना आहे. कोरडवाहू शेतीचं संशोधन सोलापुरात १९३३ सालापासून चालू आहे. त्याचं सार माझ्या शब्दांत एवढंच, की पडलेला थेंब जागेवर मुरवा. कुंडीवर दोन बोटं पाचोळा किंवा शेंगांची फोलपटं पसरा, पाणी कमी लागतं. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, हे मला ठाऊक आहे. पण हिवाळ्यात दहा-बारा कुंड्यांना रोज पंधरा लिटर पुरतं. तांदूळ, डाळ, भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवा, त्यातलं बरंच भागेल.

शेवटचा मुद्दा, आणि तो मी मुद्दाम राखून ठेवला. मागच्या भिंतीलगतच्या मोकळ्या पट्टीवर पेव्हर ब्लॉक बसवायचा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. गाड्या वाढल्यात, सोय हवी, हे मान्य. पण त्याच पट्टीत आपल्या बोअरचं पाणी मुरतं. आपल्या झाडांचा पाला रोज घंटागाडीत जातो आणि आपण खत विकत आणतो, हा कुठला हिशेब? माझी विनंती एवढीच, की निम्मी पट्टी मोकळी ठेवा. तिथे विटांचे दोन हौद बांधू. आज पाला टाकायला लागलो, तर डिसेंबरात खत तयार होईल. रोज पाणी फिरवायला आणि पाला उलटायला आम्ही म्हातारी मंडळी आहोतच. आम्हालाही उठून खाली यायला काहीतरी कारण पाहिजे.

सभेची तारीख ठरेल तेव्हा ठरेल. हस्त मात्र २७ तारखेला लागणार, ते कोरमसाठी थांबत नाही. तोवर ज्यांना वांग्याचं बी हवंय, त्यांनी रिकामी डबी घेऊन माझ्याकडे या. देशी आहे, घरचं आहे, व्याज नाही. फक्त पुढच्या वर्षी तेवढंच बी परत आणून द्या, म्हणजे दुसऱ्या कुणाला देता येईल.