दहा वर्षांची मुदत



आज या सभागृहात पाळक आहेत, शिक्षक आणि परिचारिका आहेत, कारखान्यांत नि आयटी कंपन्यांत माणसं सांभाळणारेही आहेत. अध्यक्षपदाचा मान दिलात, त्याबद्दल आभार मानून थेट विषयाकडे येतो. तुमच्या हाताखालची माणसं सध्या एकच प्रश्न घेऊन येतात : पुढच्या वर्षी आमचं काय? कुणाचं कंत्राट संपतंय, कुठे शाळेच्या तुकड्या कमी होताहेत, मंडळीतली कमावती मुलं परगावी गेली म्हणून अर्पण घटलंय. अशा वेळी पुढाऱ्यानं काय करावं, हे शोधायला मी दूर जात नाही. दौंड तालुक्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या कामाकडे जातो.

पंडिता रमाबाईंची विद्वत्ता आणि करुणा आपण नेहमी आठवतो. मला आज त्यांची व्यवहारदृष्टी तुमच्यापुढे ठेवायची आहे. मुली आणि विधवांसाठी त्यांनी काढलेलं शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी पुण्याला हललं. त्याचा खर्च अमेरिकेतली रमाबाई असोसिएशन देई. पण ती मदत दहा वर्षांपुरतीच कबूल झाली होती. रमाबाईंनी ही मुदत कधी नजरेआड केली नाही. ती सरण्याआधीच त्यांनी केडगावला शेतजमीन घेतली, फळझाडं लावली. संस्थेचं पोट संस्थेच्याच मातीतून भरावं, हा त्यामागचा हिशेब होता. प्रार्थना करणाऱ्या बाईनं हिशेबही केला. विश्वास आणि आकडेमोड यांचं वैर आहे, असं आपल्या कमिट्यांतून अजून बोललं जातं, ते मला मुळीच पटत नाही.

मग संकटं आली ती एकामागून एक. १८९३मध्ये धर्मांतराच्या वादावरून रानडे, भांडारकरांसारखे सुधारक सल्लागार बाजूला झाले, कितीतरी मुली पालकांनी काढून नेल्या. १८९६ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. मदतीची मुदत संपत आलेली, पुढचा पैसा कुठून येणार ठाऊक नाही, आणि रमाबाई निघाल्या दुष्काळी मुलुखात. आपले आईवडील त्यांनी अशाच उपासमारीत गमावले होते. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. तोच पुण्यात प्लेग आला, आणि एवढ्या मुलींना शहरात ठेवणं अशक्य झालं. तेव्हा कामी आली ती केडगावची जमीन. १९००च्या दुष्काळानंतर गुजरातेतल्या मुलीही आल्या आणि केडगावच्या ‘मुक्ती’ संस्थेतली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

एवढी माणसं एका बाईनं कशी सांभाळली? तिनं एकटीनं सांभाळलीच नाहीत. आधी आलेल्या मुलींवर नव्या मुलींची जबाबदारी दिली. शेती, गोठा, तेलघाणा, माग, स्वयंपाकघर, छापखाना, प्रत्येकीच्या हाताला काम दिलं. जिथे प्रार्थना होई तिथेच माग चाले; रविवारचा विश्वास वेगळा आणि सोमवारचं काम वेगळं, अशी वाटणी तिथे नव्हती. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणायचं काम घेतलं, तेही याच आवारात. टंक जुळवले मुक्तीतल्या स्त्रियांनी. जिच्या हाती कारभार जायचा ती रमाबाईंची मुलगी मनोरमा १९२१ला गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. तरी संपूर्ण शास्त्र १९२४मध्ये छापून बाहेर आलं. पुढारी आणि वारस दोघीही गेल्यावर काम पुरं होतं, याचा अर्थ ते शिकवलेलं होतं. आपल्यापैकी किती पाळकांनी, किती मुख्याध्यापकांनी आपल्या माघारी काम चालवणारी माणसं तयार केली आहेत?

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रमाबाई सत्तेपुढे गप्प बसल्या नाहीत. १८९७मध्ये प्लेगच्या इस्पितळातल्या कारभाराविषयी त्यांनी वर्तमानपत्रात उघड लिहिलं, सरकारचा रोष पत्करला. त्याआधी इंग्लंडमध्ये, बाप्तिस्मा घेतल्यावरही, सिस्टर जेराल्डिन या अँग्लिकन जोगिणीशी त्यांनी श्रद्धेच्या प्रश्नांवर वर्षानुवर्षं पत्रांतून वाद घातला. चर्चवर प्रेम होतं म्हणून त्या चर्चला प्रश्न विचारत होत्या. आज मंडळीत हिशेब मागणारा तरुण उठला की आपण त्याला बंडखोर ठरवतो. तो उद्या मंडळीत येणं सोडतो, आणि मग आपण तरुण कुठे गेले म्हणून हळहळतो.

हाच उघडपणा कामाच्या ठिकाणीही हवा. कंपनीत अधिकारी असलेल्यांना माझं सांगणं आहे : नोकरकपात ठरली असेल आणि सांगणं तुमच्या हाती असेल, तर शेवटच्या दिवसापर्यंत लपवू नका. लोक घाबरतील म्हणून गप्प बसणं ही दया नव्हे. आठवडाभर आधी कळलं तर माणूस निदान मुलांच्या फीची, घराच्या हप्त्याची तजवीज करायला लागतो. आणि ज्याला काढायचं त्याला ईमेलनं नव्हे, समोर बसवून सांगा.

उद्या सकाळच्या सत्रात मी दोन ठराव मांडणार आहे. पहिला, प्रत्येक मंडळीनं दर तीन महिन्यांनी उपासनेनंतर जमाखर्च वाचून दाखवावा आणि प्रश्नांना वेळ ठेवावा. दुसरा, ज्या कुटुंबातली कमाई थांबली आहे, त्यांच्यासाठी मंडळीतल्याच अनुभवी लोकांनी काम शोधून देणारा, अर्ज लिहायला मदत करणारा आणि नवं कौशल्य शिकवणारा गट उभारावा. त्यात बायांची संख्या निम्म्याहून कमी नसावी. ज्यांना हे ठराव पटत नसतील त्यांनी आज रात्रीच माझ्याशी बोलावं. दुरुस्त्या लिहून आणल्यात तर उद्याची चर्चा खरीखुरी होईल.